डालग्याखालच्या कोंबड्या

पलीकडच्या म्हातारीच्या कोंबड्या सकाळी बांधावर दिसल्या नाहीत की मी समजायचो, आज औषधाचा दिवस. मग मीही माझं कुत्रं बांधून घालायचो आणि दिवस कलला की भरड्यात उंदराचं औषध कालवायला बसायचो. कित्येक वर्षं आमचा शेजार असाच चालला. बोलायचं नाही, एकमेकांचं तोंड बघायचं नाही, पण उंदीर मात्र एकाच दिवशी मारायचे.

म्हातारी म्हणतो खरा, पण वयानं ती माझ्याहून लहानच. तिचा मालक गेला, मग माझी बायको गेली. तिचा मुलगा नोकरीमुळं वराळ्याला फ्लॅट घेऊन राहतो, माझी लेक लग्न होऊन सुदुंबऱ्याला. म्हणजे बांधाच्या अल्याड मी एकटा आणि पल्याड ती एकटी. मधे तो बांध.

त्या बांधाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मावळात पावसाच्या आधी बांध तासतात. दोन्ही अंगांनी कुदळीनं खरवडून गवत काढायचं, बांध बारीक आणि नागडा ठेवायचा. जाड, गवताळ बांध म्हणजे उंदरांना आयता वाडा. एका वर्षी मी बांध तासत होतो आणि तिचा मालक आला. म्हणाला, तू वीतभर आमच्यात शिरलास. मी म्हटलं, तुझ्या बापानं हातभर आमचा खाल्ला, तो आधी ओक. झालं! दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या अंगानं कुदळ मारली. मी त्याची कुदळ ओढ्यात फेकली. तलाठ्याकडं गेलो, गावच्या चार जाणत्यांना बसवलं. शेवटी ठरलं काय, तर मोजणी होईपर्यंत त्या बांधाला कोणीही हात लावायचा नाही.

मोजणी काही झाली नाही. आज करू, उद्या करू, त्याला आधी अर्ज करू दे, मी का करू. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, आमच्या भांडणातून तोही निघाला नाही. तो बांधातच राहिला. बांधावर निरगुडी वाढली, घाणेरी वाढली, वर गवत कमरेएवढं. बिळांची तोंडं मोजता येईनात. दरसाल पोटरी धरायच्या, म्हणजे लोंबी पोटात भरायच्या वेळी बांधालगतचं भात मुळाशी कातरलेलं दिसायचं, त्याच्याही खाचरात आणि माझ्याही. आम्ही दोघांनी पोतीच्या पोती उंदरांच्या घशात घातली, पण एकमेकांना वीतभर माती सोडली नाही. आता आठवलं की हसू येतं आणि रागही येतो. राग जास्त.

औषधाची गोष्ट अशी की ते एकट्यानं ठेवून चालत नाही. उंदीर काही सातबारा वाचत नाही. मी माझ्या अंगानं औषध ठेवलं की वाचलेले पलीकडं जाणार, तिथं खाणार, पिल्लं घालणार आणि महिन्याभरात परत माझ्याकडं. दोन्ही अंगांनी एकाच दिवशी ठेवलं तरच उपयोग. आणि उंदीर भारी संशयी. आधी दोन संध्याकाळ नुसता साधा भरडा ठेवायचा, तेल आणि गुळाचा हात लावून. त्याला चटक लागली, विश्वास बसला, की मग औषधाचा. हातानं कालवायचं नाही, काठीनं. माणसाचा वास आला की तोंड लावत नाही. आणि त्या दिवशी घरात औषधाचं नावही काढायचं नाही. उंदराला कळतं म्हणतात. माझी बायको तर त्या दिवशी खुणांनीच बोलायची.

कोंबड्यांची खूणसुद्धा तिचीच. आम्ही पुरुष भांडलो, पण ह्या दोघी ओढ्यावर धुणं धुताना बोलतच असणार. मला पत्ता नव्हता. एकदा सकाळी बायको मला म्हणाली, पलीकडच्या वहिनी ज्या दिवशी कोंबड्या डालग्याखाली झाकतील त्या दिवशी आपणही औषध ठेवायचं. कोंबड्या भरडा टिपतात आणि मरतात, म्हणून औषधाच्या दिवशी त्या झाकाव्याच लागतात. आदल्या दोन संध्याकाळी ती सूप घेऊन बांधाकडं येताना दिसायची, ते साध्या भरड्याचं. मग ज्या सकाळी कोंबड्या झाकलेल्या, त्या दिवशी औषध. तुम्हाला काही बोलायची गरज नाही, असं बायको म्हणाली. बरं वाटलं मला. बोलायचं नव्हतंच.

बायको गेली आणि खूण राहिली. तेव्हापासून सकाळी उठलो की चूळ भरायच्या आधी मी पलीकडं बघायचो. औषधाचे दिवस वर्षातून थोडे, पण बघायचो रोज. कोंबड्या बांधावर फिरताना दिसल्या की चहा ठेवायचो. ह्याला सवय म्हणा. घरात दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

आसपासची खाचरं एकेक करून बंगल्यांची झाली. लोणावळा पुरेना म्हणून मंडळी वलवणच्या अलीकडं, पलीकडं, जिथं डोंगर दिसेल तिथं भिंती घालायला लागली. शनिवार-रविवार गाणी, कोंबडीची हाडं, भाताची पातेली मागच्या दारात उपडी. सोमवारी कुलूप. उंदरांनी कुठं राहावं तुम्हीच सांगा. त्यांच्या वॉचमनला म्हटलं, बाबा, तुम्हीपण आमच्याबरोबर एक दिवस औषध ठेवा. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. अजून विचारतोच आहे. त्यामुळं सगळ्या शिवारात बरोबरीनं उंदीर मारणारं माणूस उरलं एकच, आणि तिच्याशी मी बोलत नव्हतो.

लेक दर आठवड्याला फोन करायची. बाबा, या आता इकडं. तिथं एकटे काय करता? मी एकदा चिडून बोलून गेलो, की ज्या वर्षी माझं भात घरात येणार नाही त्या वर्षी मी तुझ्या घरी येईन. तिनं ते धरून ठेवलं. दर दिवाळीला विचारायची, भात आलं का? मी म्हणायचो, आलं. आणि खरोखर येत होतं. बांधाकडची एक पट्टी जायची, बाकीचं कणगीत पडायचं. ते येत होतं कारण पलीकडं एक बाई वेळच्या वेळी कोंबड्या झाकत होती. माझं ह्या घरातलं राहणं त्या डालग्यावर टेकलेलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला सांगितलं मात्र कधी नाही.

मागल्या वर्षी, लावणी होऊन भात फुटव्यावर होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी बघितलं तर बांधावर कोंबड्या नाहीत. डालगी उपडी, आतून कॉक-कॉक. मी म्हटलं, हे काय? साधा भरडा ठेवताना तर बाई दिसली नाही. दोन दिवस चटक लावल्याशिवाय एकदम औषध? म्हातारीला घाई झालेली दिसते, नाहीतर अक्कल गहाण पडली. असं बडबडत, शिव्या देत, मीही औषध कालवलं. आपल्याकडून खूण चुकायला नको. संध्याकाळी बिळांच्या तोंडाशी ठेवून आलो. पाऊस होता, वीज गेलेली होती, त्यामुळं तिच्या घरात दिवा नाही ह्याचं काही वाटलं नाही. दिवा कुणाच्याच घरात नव्हता.

दुसऱ्या दिवशी उरलेलं औषध गोळा करून, मेलेले पुरून कोंबड्या सोडायच्या, ही रीत. दिवस वर आला तरी डालगी तशीच. कोंबड्यांचा आवाज बदललेला. तहानलेली कोंबडी वेगळी ओरडते. मी बांधाजवळ जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या बांधावर पाय दिला नव्हता. हाक मारायची तर काय म्हणून मारायची तेही आठवेना. शेवटी मोठ्यानं ओरडलो, "वहिनी!"

मी बांध ओलांडला.

ती ओटीवर पडलेली होती, उंबऱ्याशी, एक पाय भलतीकडं वळलेला. आदल्या पहाटे कोंबड्या सोडायला निघालेली आणि ओल्या फरशीवरून घसरली. म्हणजे कोंबड्या झाकल्या नव्हत्याच. रात्री झाकतात तशा झाकलेल्या, त्या सोडायच्या राहिल्या होत्या. मी जिला खूण समजलो ती खूण नव्हती. ती इथं पडून होती आणि मी पन्नास पावलांवर बसून तिला शिव्या देत भरडा कालवत होतो.

डोळे उघडे होते. ओठ सुकलेले. मी पाणी पाजलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"आदी कोंबड्या सोडा, भाऊ. कालपास्नं पानी न्हाई त्यास्नी."

मी डालग्याकडं वळलो. तिनं परत हाक मारली.

"आवशद ठिवलं व्हतं व्हय तुमी?"

"ठेवलंय. काल. उचललं नाही अजून."

"मंग नका सोडू," ती म्हणाली. "पानी तेवडं सरकवा आत."

खुबा मोडलेला, रात्र जमिनीवर काढलेली, आणि बाई मला कोंबड्यांचा हिशेब शिकवत होती. मला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी पाण्याचं भांडं शोधत राहिलो. मग बंगल्याच्या वॉचमनला हाक मारली, ॲम्ब्युलन्स बोलावली, तिच्या मुलाला फोन लावायला वॉचमननंच मदत केली. मुलगा आला, तिला घेऊन गेला. जाताना तिनं स्ट्रेचरवरून हात केला, मला नाही, कोंबड्यांकडं. मी म्हटलं, बघतो मी.

दवाखान्यातून ती वराळ्याला मुलाच्या फ्लॅटवर गेली. तिच्या घराला कुलूप लागलं. कोंबड्या माझ्याकडं आल्या. पण सकाळी उठून मी अजून पलीकडंच बघायचो, कोंबड्या माझ्या पायात घोटाळत असल्या तरी. बंद दाराकडं बघायचं आणि चहा ठेवायचा. तो चहा गोड लागायचा नाही. खोटं कशाला बोलू.

मुलाच्या फोनवरून ती मला फोन करायला लागली. वर्षानुवर्षांचं न बोललेलं सगळं बोलू, असं काही झालं नाही. बोलणं फक्त कोंबड्यांचं आणि उंदरांचं. तांबडी खुडूक बसली का, घुशी ओट्याखाली शिरल्या का. एकदा धीर करून मी विचारलं, तुमच्या हद्दीत औषध मीच ठेवू का, नाहीतर माझं भात राहत नाही. मग म्हणाली, ठेवा, पण बांधावरनं जा, खाचरात पाय टाकू नका. आता तिचं खाचर पडीक, त्यात गवत माजलेलं, पाय टाकून मी काय नुकसान करणार होतो! पण मी बांधावरूनच गेलो. दोन्ही अंगांनी साधा भरडा ठेवला, दोन्ही अंगांनी औषध ठेवलं. त्या साली भात घरात आलं. लेकीला सांगितलं, आलं.

ह्या पावसाच्या तोंडावर मी वराळ्याला तिला बघायला गेलो. लिफ्टनं वर गेलो, तिच्या सुनेनं पोहे दिले. म्हातारी काठीवर खोलीतल्या खोलीत चालत होती. खिडकीतून खाली दुसऱ्या इमारती. मी विषय काढला. म्हटलं, वहिनी, आता भांडायला कोण उरलंय? बांध तासू द्या. बारीक केला की निम्मे उंदीर आपोआप जातील, औषधही लागायचं नाही.

तिनं काठी जमिनीवर आपटली.

"बांदाला हात लावायचा न्हाई. मी येनार हाय. आल्यावर आपुन दोगं बसून मोजू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी हेकट बाई बघितली नाही. पण जिना उतरताना लक्षात आलं, की मला बरं वाटतंय. ती येणार म्हणते आहे. लिफ्ट सोडून मी जिना का उतरत होतो तेही मला ठाऊक नाही.

ती येणार नव्हती. हे तिचा मुलगा मला सांगायला आला तेव्हा भाताला लोंब्या आल्या होत्या. जमीन बापानं जाण्याआधीच त्याच्या नावावर केलेली. त्यानं ती विकली होती, बंगल्यांसाठी. मुलगा वाईट नाही. मान खाली घालून बोलत होता. म्हणाला, काका, दवाखान्याचं, आईचं, पोरांचं, सगळं बघायला लागतं. मग म्हणाला, आईला सांगू नका. तिला वाटतंय घर आहे म्हणून ती चालायचा प्रयत्न करते. डॉक्टरही म्हणाले, मन मोडू देऊ नका.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून गिळलं. बरं म्हटलं.

चार दिवसांत मोजणीवाले आले, यंत्र घेऊन. आमच्या दोन घरांचं आयुष्य ज्याच्यात गेलं ते काम त्यांनी चहा गार व्हायच्या आत उरकलं. बांधाच्या कुठल्या अंगाला खुंटी ठोकतात ते बघायला मी थांबलो नाही. घरात गेलो आणि दार लोटून घेतलं. कुणाचं खरं होतं ते कळून आता करायचं काय? ज्याला ऐकवायचं तो मेला, जिला ऐकवायचं तिला सांगायची बंदी.

मग जेसीबी आला. ज्या बांधाला आम्ही कुदळ लावू दिली नाही तो त्यानं एका सकाळीत सपाट केला. निरगुडी, घाणेरी, बिळं, सगळं उलटंपालटं. आणि उंदीर निघाले. मोठे, बारके, पिल्लं तोंडात धरलेल्या माद्या, इतके की जेसीबीवालाही यंत्र थांबवून बघत राहिला. पळून जाणार कुठं? एका बाजूला उघडी लाल माती आणि एका बाजूला माझं लोंब्या धरलेलं भात. मी काठी घेऊन धावलो. काय मारणार? उभ्या भातात शिरलेला उंदीर दिसतही नाही. आणि लोंबीत दाणा भरला की तो औषधाच्या भरड्याकडं ढुंकून बघत नाही. ताजं सोडून शिळं कोण खाईल? कुत्रं थकून येऊन बसलं. मीही बसलो. वॉचमन भिंतीपलीकडून म्हणाला, काका, साहेबांना विचारतो.

कापणीला मजूर आले तेव्हा कापण्यासारखं फारसं नव्हतं. पेंढा मिळाला. कणगीच्या तळाला भात पडलं, तेवढंच.

लेकीचा फोन आला. भात आलं का? तुम्हाला खोटं बोलता येत नाही, असं ती नेहमी म्हणते. सांगितलं, नाही आलं. मग अगदी हळू म्हणाली, बाबा, शब्द दिला होता तुम्ही. मी म्हटलं, दिला होता, पण कोंबड्यांचं काय करू? तर म्हणाली, घेऊन या की इकडं. मी म्हटलं, त्या माझ्या नाहीत. ती म्हणाली, संक्रांतीपर्यंत बघते, मग मी स्वतः गाडी घेऊन येते. आणेल ती. शब्दाची पक्की आहे, माझ्यावर गेली आहे.

त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आधी, दुसरा फोन आला. मी ओट्यावर होतो. समोर नवे सिमेंटचे खांब आणि तार. तारेपलीकडं तिचं घरही पाडून झालेलं, नुसती सपाट लाल जमीन. कोंबड्या तारेपाशी माती उकरत होत्या. पलीकडं जायची वाट हुडकत असतील बिचाऱ्या.

"भाऊ, दोन पावलं काठीबिगर चाल्ले आज," ती म्हणाली.

"वा! झ्याक झालं."

"उंदरं लय झाली आसतील. आवशद ठिवलं का?"

"आजच ठेवतोय."

"मंग कोंबड्या झाका. येकदा भरडा टिपाया लागल्या की ऐकत न्हाईत त्या."

"झाकतो."

सुनेचा टीव्ही चालू होता मागं.

"आन बांद?"

मी तारेकडं बघितलं. लेक म्हणते ते खरं, मला खोटं बोलता येत नाही.

"हाय," मी म्हणालो. "हाय तसाच हाय."

"हात लावायचा न्हाई."

"नाही लावत, वहिनी. तुम्ही या."

फोन ठेवला. तारेपाशी गेलो, कोंबड्या एकेक करून धरल्या आणि दिवसाउजेडी डालग्याखाली झाकल्या. औषध काही ठेवलेलं नव्हतं.